भाडेपट्ट्याचे नूतनीकरण (सदनिका)

भाडेपट्ट्याचे नूतनीकरण म्हणजे ठरावीक वर्षांच्या मुदतीने दिलेल्या जमिनीचा पट्टा त्या मुदतीच्या अखेरीस, किंवा त्यापूर्वी, पुढील काळासाठी चालू ठेवण्याची कायदेशीर प्रक्रिया. ज्या इमारतीखालची जमीन मालकी हक्काची नसून शासनाकडून, महानगरपालिकेकडून, एखाद्या प्राधिकरणाकडून किंवा खाजगी मालकाकडून पट्ट्याने मिळालेली असते, त्या इमारतीतील प्रत्येक सदनिकेचे भवितव्य या प्रक्रियेशी बांधलेले असते. मुंबई, नवी मुंबई, पिंपरी-चिंचवड, पुणे आणि राज्यभरच्या औद्योगिक क्षेत्रांत असे पट्टे मोठ्या प्रमाणावर आढळतात. महाराष्ट्रात सदनिकाधारकाला स्वतःच्या नावावर, एकट्याने, पट्ट्याची मुदत वाढवून मागण्याचा सर्वसाधारण वैधानिक हक्क नाही. पट्टा बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नावे असतो. त्यामुळे नूतनीकरण हे संपूर्ण संस्थेचे काम ठरते.

संकल्पना

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ मध्ये भाडेपट्ट्याची व्याख्या दिलेली आहे. स्थावर मालमत्तेचा उपभोग घेण्याचा हक्क विशिष्ट काळासाठी किंवा कायमचा, मोबदला घेऊन, दुसऱ्याकडे सोपवणे म्हणजे भाडेपट्टा. देणारा तो पट्टाकार आणि घेणारा तो पट्टेदार. आरंभी एकरकमी घेतलेल्या रकमेला अधिमूल्य म्हणतात आणि दरवर्षी द्यावयाच्या रकमेला भाडे. जमिनीपुरत्या पट्ट्यातील भाड्याला व्यवहारात भुईभाडे हा जुना आणि नेमका शब्द आहे.

भाडेपट्टा आणि परवाना यांत फरक केला पाहिजे. सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेले सोमेश्वरनगर किंवा इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर यांसारख्या कारखानदारीच्या गावांत कामगाराला नोकरीच्या निमित्ताने जे निवासस्थान मिळते, त्याला लोक ‘क्वार्टर’ म्हणतात. तेथे राहण्याची परवानगी असते, जागेत हितसंबंध निर्माण होत नाही आणि नोकरी संपली की ती परवानगीही संपते. अशा परवान्याची व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. भाडेपट्ट्यात मात्र मुदतीपुरता का होईना, जमिनीतच हक्क निर्माण होतो. तो विकता येतो, गहाण ठेवता येतो आणि वारसाकडे जातो. अर्थात पट्ट्यातील अटींच्या मर्यादेत.

सदनिका विकत घेणाऱ्याच्या मनात ‘मालकी’ हा एकच शब्द असतो. प्रत्यक्षात भाडेपट्ट्याच्या जमिनीवर तीन थर एकावर एक असतात. जमिनीची मालकी पट्टाकाराकडे, मुदतीपुरता जमिनीचा उपभोग संस्थेकडे आणि विशिष्ट सदनिकेच्या वापराचा हक्क, भागदाखल्यासह, सभासदाकडे. सर्वांत वरचा थर खालच्या दोन थरांपेक्षा अधिक काळ टिकू शकत नाही. खरेदीखत कितीही भक्कम असले तरी जमिनीच्या पट्ट्याची शिल्लक वर्षे हीच त्याची खरी कालमर्यादा असते.

पार्श्वभूमी

ठरावीक काळासाठी जमीन देणे ही कल्पना महाराष्ट्रात शेतीतून आलेली आहे. बारामती-इंदापूर भागात ‘खंड’ हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवण्यासाठी खाजगी साखर कंपन्यांनी अनेक जिल्ह्यांत शेतकऱ्यांकडून खंडाने जमिनी घेतल्या. पुढे महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ आला. कंपन्यांकडील जादा जमीन शासनाकडे गेली आणि १९६३ साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ ती कसू लागले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर व रत्नपुरी येथील मळे याच महामंडळाचे. मूळ मालक असलेल्या ‘खंडकरी’ शेतकऱ्यांना मात्र आपली जमीन परत मिळवण्यासाठी अनेक दशके लढा द्यावा लागला. जमीनवाटपाला प्रत्यक्ष गती मिळाली ती २०१२ नंतर. सदनिकांच्या प्रश्नात मुदत संपल्याची धास्ती पट्टेदाराला असते. येथे मुदत संपूनही जमीन परत न आल्याचे दुःख पट्टाकाराच्या वाट्याला आले. एकाच कराराच्या या दोन बाजू असून खंडकऱ्यांचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला सदनिकेचा प्रश्न समजायला वेळ लागत नाही.

शहरी भाडेपट्ट्यांचा उगम मुंबईत आहे. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीचे शहर मोकळे करण्यासाठी १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा यांसारख्या भागांत आखणी करून भूखंड विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्याचे धोरण त्याने राबवले. जमिनीवरचे नियंत्रण सार्वजनिक संस्थेकडे राहावे आणि वाढत्या किमतीचा काही वाटा पुढील पिढ्यांना मिळावा, हा त्यामागील विचार. १९३३ साली हा ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला आणि त्याचे पट्टेही पालिकेकडे आले. बंदर विश्वस्त मंडळाच्या जमिनी व शासनाच्या भरावाच्या जमिनी यांवरही हीच पद्धत रूढ झाली.

पुण्यात या पद्धतीला एका आपत्तीची जोड आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. घरे गमावलेल्या कुटुंबांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना शासनाने भाडेपट्ट्याने जमिनी दिल्या आणि त्यांवर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. पुनर्वसनासाठी दिलेली ही जमीन मालकीची करून द्यावी, अशी मागणी पूरग्रस्तांच्या पुढील पिढ्यांनी सातत्याने केली. १९७० नंतरच्या नियोजित शहरांत तर पट्टा हाच नियम झाला. सिडकोने नवी मुंबईत भूखंड ६० वर्षांच्या पट्ट्याने दिले. १९७२ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने निवासी भूखंड ९९ वर्षांच्या मुदतीने दिले. २०२१ साली हे प्राधिकरण विसर्जित होऊन त्याची कामे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण व पिंपरी-चिंचवड महानगरपालिका यांच्याकडे गेली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने असतात आणि बारामतीचे औद्योगिक क्षेत्रही त्यातच येते. बारामती-इंदापूर भागातील ज्या कुटुंबांची मुले नोकरीसाठी चिंचवड, निगडी किंवा नवी मुंबईत स्थायिक होतात, त्यांची गावाकडील जमीन सातबाऱ्यावर नाव असलेली आणि शहरातील सदनिका मात्र कुणाच्या तरी पट्ट्यावरची, असे चित्र सर्रास दिसते. सातबारा वाचण्याची सवय असलेल्या घरातही शहरातील मिळकत पत्रिकेवरचा ‘सत्ताप्रकार’ हा रकाना कोणी वाचत नाही.

मुदतवाढ आणि नूतनीकरण

बोलण्यात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्यात ते वेगळे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ आणि २००३ च्या निकालांत हा भेद स्पष्ट केला आहे. मुदतवाढीत मूळ पट्टाच पुढे चालू राहतो. नूतनीकरणात जुना पट्टा संपतो आणि त्याच्या जागी नवा पट्टा करावा लागतो. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी नवा दस्त, नवे मुद्रांक शुल्क आणि नवी नोंदणी हे सारे येते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा पट्टा नोंदवणे बंधनकारक असल्याने पत्रव्यवहाराने किंवा नुसत्या पावतीने नूतनीकरण पूर्ण होत नाही.

नूतनीकरणाचा हक्क कायद्यातून आपोआप मिळत नाही, तो पट्ट्यातील कलमातून मिळतो. काही पट्ट्यांत ‘पट्टेदाराच्या इच्छेनुसार आणखी तितक्याच वर्षांसाठी’ असे स्पष्ट शब्द असतात. काहींत ‘शासन ठरवील त्या भाड्याने व अटींवर’ असे लिहिलेले असते आणि काहींत काहीच नसते. पहिल्या प्रकारात हक्क भक्कम असतो. दुसऱ्यात हक्क असतो, पण किंमत समोरच्याच्या हाती असते. तिसऱ्यात केवळ विनंती करता येते. नूतनीकरणाचे कलम साधारणतः एकाच नूतनीकरणापुरते वाचले जाते. पुनःपुन्हा, अनंत काळ नूतनीकरण होत राहील असा अर्थ न्यायालये शब्द अगदी निःसंदिग्ध असल्याखेरीज काढत नाहीत. अनेक पट्ट्यांत मुदत संपण्यापूर्वी अमुक महिने लेखी सूचना देण्याची अट असते. संस्थेचे पदाधिकारी बदलत राहतात आणि मूळ पट्टा कपाटात बंद असतो, त्यामुळे ही तारीख चुकण्याचा धोका जितका मोठा, तितकाच सहज टाळता येण्याजोगा आहे.

संस्था आणि सभासद

महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम, १९६३ प्रमाणे प्रवर्तकाने जमीन व इमारतीतील आपला हक्क संस्थेकडे सोपवावयाचा असतो. अन्य मुदत ठरलेली नसल्यास संस्था नोंदवल्यापासून चार महिन्यांत. जमीन पट्ट्याची असेल तेथे हस्तांतर मालकीचे न होता पट्ट्यातील उर्वरित हक्काचे होते. प्रवर्तकाने ते केले नाही, तर २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग संस्थेला उपलब्ध असतो. पट्टा प्रवर्तकाच्याच नावावर राहिलेल्या संस्थेचा नूतनीकरणाचा अर्ज पहिल्याच पायरीवर अडतो, कारण पट्टाकाराच्या दप्तरी ती संस्था पट्टेदारच नसते.

नूतनीकरणाचा निर्णय सर्वसाधारण सभेत होतो. येथे सभासदांचे हितसंबंध नेहमीच जुळत नाहीत. नुकतीच सदनिका घेतलेल्या तरुण कुटुंबाला पुढची ३० वर्षे हवी असतात, ऐंशीच्या घरातील निवृत्त सभासदाला वाढीव भुईभाडे पेन्शनमधून भरायचे असते आणि सदनिका भाड्याने देऊन परगावी राहणारा सभासद सभेलाच येत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार भुईभाड्याचा भार सदनिकांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला जातो. सदनिका विकताना पट्टाकाराचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि हस्तांतर शुल्क लागते का, हेही पट्ट्यावरच अवलंबून असते. शिल्लक वर्षे कमी झाली की बँका गृहकर्ज देताना हात आखडता घेतात आणि पुनर्विकासासाठी विकासक पुढे येत नाहीत. पट्टा संपण्यापूर्वीच सदनिकेची किंमत उतरू लागते ती या कारणाने.

भुईभाड्याचा प्रश्न

जुन्या पट्ट्यांतील भुईभाडे आजच्या दृष्टीने नाममात्र असे. नूतनीकरणाच्या वेळी ते जमिनीच्या चालू किमतीशी जोडले जाते आणि वाद तेथेच सुरू होतो. वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील, म्हणजे रेडी रेकनरमधील, जमिनीच्या किमतीचा काही हिस्सा आधार धरून त्यावर टक्केवारीने भाडे ठरवण्याची पद्धत शासनाने अलीकडच्या दशकांत स्वीकारली. समजा, २० समान सदनिकांच्या इमारतीखालील जमिनीची तक्त्यानुसार किंमत १० कोटी रुपये आहे. तिचा पाव हिस्सा २ कोटी ५० लाख. त्यावर वर्षाला २ टक्के भाडे धरल्यास संस्थेला ५ लाख आणि प्रत्येक सदनिकेला २५ हजार रुपये द्यावे लागतील. महिन्याला सुमारे २,०८३ रुपये. ज्या इमारतीत आजवर अख्ख्या संस्थेचे वार्षिक भुईभाडे एका सभासदाच्या मासिक देखभाल खर्चाइतकेही नव्हते, तेथे हा धक्का असतो. दुसऱ्या बाजूने पाहता, १० कोटींच्या सार्वजनिक जमिनीवर वर्षाला अर्धा टक्का परतावा हा फार मोठा आहे असे म्हणता येत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

न्यायालयांनी या दोहोंतून मार्ग काढण्याचा प्रयत्न केला आहे. मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या जमिनींविषयी २००४ साली दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक संस्थेला भाडे वाढवण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले. मात्र ती नफेखोर खाजगी मालकासारखी वागू शकत नाही, तिची वागणूक वाजवी व न्याय्य असली पाहिजे, असे बजावले. वांद्रे येथील शासकीय जमिनीवरील गृहनिर्माण संस्थांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये निर्णय दिला. दर तक्त्याशी जोडलेली भाडेवाढ न्यायालयाने ग्राह्य धरली, पण दर पाच वर्षांनी भाडे पुन्हा ठरवण्याची तरतूद त्या पट्ट्यांच्या अटींत बसत नसल्याने अमान्य केली. नूतनीकरणाचा दस्त करताना टक्केवारीइतकेच लक्ष भाड्याच्या फेरआढाव्याच्या कलमाकडे का द्यावे, हे या निर्णयावरून कळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण शासन किंवा स्थानिक प्राधिकरण यांच्या मालकीच्या जागांना लागू होत नाही.

मुद्रांक शुल्क

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतील अनुच्छेद ३६ नुसार पट्ट्याच्या मुदतीवर शुल्काचा आधार ठरतो. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यासाठी बाजारमूल्याच्या १० टक्के, पाच ते दहा वर्षांसाठी २५ टक्के, दहा ते २९ वर्षांसाठी ५० टक्के आणि २९ वर्षांपेक्षा अधिक मुदतीसाठी ९० टक्के रकमेवर अभिहस्तांतरणपत्राच्या दराने शुल्क आकारले जाते. एका वर्षाच्या फरकाने शुल्काचा आधार जवळपास दुप्पट होतो, हे येथे लक्षात येईल. मात्र पट्ट्यातच नूतनीकरणाची मुदत नमूद असेल, तर ती मूळ मुदतीत मिळवली जाते. कागदावर मुदत लहान दाखवून शुल्क वाचवण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो.

मालकी हक्कात रूपांतर

वारंवार नूतनीकरण करण्याऐवजी जमीनच मालकीची करून घेणे हा दुसरा पर्याय आहे. महसूल विभागाने जिल्हाधिकाऱ्यांमार्फत दिलेल्या जमिनींसाठी ८ मार्च २०१९ रोजी नियम अधिसूचित झाले. त्यांनुसार भोगवटादार वर्ग-२ व भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनी, दर तक्त्यातील किमतीच्या ठरावीक टक्के अधिमूल्य भरून, भोगवटादार वर्ग-१ मध्ये रूपांतरित करता येतात. वर्ग-१ म्हणजे हस्तांतरणावर शासनाच्या पूर्वपरवानगीचे बंधन नसलेली धारणा. ठरावीक कालावधीत अर्ज करणाऱ्यांसाठी सवलतीचे दर ठेवण्यात आले. हे नियम सिडको, म्हाडा किंवा औद्योगिक विकास महामंडळ यांनी दिलेल्या पट्ट्यांना आपोआप लागू होत नाहीत, कारण तेथे पट्टाकार त्या त्या संस्था असतात आणि त्यांची धोरणे स्वतंत्र असतात. सिडकोने एकरकमी शुल्क घेऊन निवासी पट्ट्यांची मुदत ९९ वर्षांपर्यंत वाढवण्याची योजना आणली. व्यवहारात तिला ‘फ्री होल्ड’ म्हटले जात असले तरी ती काटेकोर अर्थाने मालकी नव्हे.

मुदत संपल्यास

मुदत संपताच पट्टा कलम १११ अन्वये आपोआप समाप्त होतो. पट्टेदार जागेवर राहिला आणि पट्टाकाराने भाडे स्वीकारले किंवा अन्य प्रकारे संमती दर्शवली, तर कलम ११६ प्रमाणे तो ‘मुदतोत्तर ताबेदार’ ठरतो. निवासी जागेच्या बाबतीत हा ताबा महिनेवारी समजला जातो. ९९ वर्षांचा हक्क अशा रीतीने एका महिन्यावर येतो. इमारत बांधणाऱ्या पट्टेदाराची मालकी इमारतीवर असू शकते, हे भारतीय कायद्याला मान्य आहे आणि ती काढून नेण्याची मुभा कलम १०८ मध्ये आहे. पण सात मजली इमारत काढून नेता येत नाही. शिवाय इमारत पट्टाकाराकडे जाईल, असे पट्ट्यात लिहिलेले असल्यास तीच अट चालते. मुदत संपल्यावरही अनेक वर्षे लोक पूर्वीप्रमाणेच राहत असल्याची उदाहरणे महाराष्ट्रात बरीच आहेत. घर सोडावे लागले नाही म्हणून प्रश्न नाही, असा समज त्यातून होतो. मात्र विक्री, कर्ज, वारसनोंद किंवा पुनर्विकास यांपैकी काही करायची वेळ आली की अडचण उभी राहते आणि थकीत भुईभाडे व्याजासह मागितले जाते.

इंग्लंडमधील पद्धत

इंग्लंड व वेल्समध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हाच विषय निराळ्या रूपात भेटतो. तेथे प्रत्येक सदनिकेचा स्वतंत्र पट्टा असतो आणि तो सदनिकाधारकाच्या स्वतःच्या नावे असतो. १९९३ च्या कायद्याने पात्र सदनिकाधारकाला, जमीनमालकाची इच्छा असो वा नसो, किंमत चुकवून शिल्लक मुदतीत ९० वर्षांची भर घालण्याचा आणि भुईभाडे नाममात्र करून घेण्याचा हक्क दिला. पट्ट्याची शिल्लक मुदत ८० वर्षांच्या खाली गेल्यास ‘मॅरेज व्हॅल्यू’ नावाची रक्कम किमतीत मिळवली जाते आणि खर्च एकदम वाढतो. तेथील घरखरेदीत ८० हा आकडा म्हणूनच महत्त्वाचा मानला जातो. अर्जापूर्वी दोन वर्षे सदनिका नावावर असण्याची अट जानेवारी २०२५ अखेर रद्द झाली. ९० ऐवजी ९९० वर्षांची मुदतवाढ देणारी आणि मॅरेज व्हॅल्यू काढून टाकणारी तरतूद २०२४ च्या कायद्यात करण्यात आली आहे. वाटाघाटी फिसकटल्यास किंमत ठरवण्याचे काम न्यायाधिकरण करते. महाराष्ट्रात अशी सक्तीची मुदतवाढ किंवा तिची किंमत ठरवणारी वैधानिक सूत्रे सदनिकाधारकासाठी उपलब्ध नसून पट्ट्याचा मजकूर, शासन निर्णय आणि न्यायालयीन निवाडे यांवरच संस्थांना विसंबावे लागते.